नवीन कर वर्ष, लेबर कोड आणि छोट्या कारखान्याचा पगार: एप्रिलपासून तुम्ही काय काय बदलताय?

कुपवाडकर
नमस्कार मंडळी. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशन आणि मशीनिंगचं छोटं युनिट आहे, माणसं २२. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. बरीचशी माणसं वडिलांच्या वेळेपासूनची आहेत.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय आणि चार लेबर कोड (नवे कामगार कायदे) तर २१ नोव्हेंबर २०२५ पासूनच लागू झालेत. आमची सॅलरी स्लिप जुन्या वळणाची आहे. एक मधला ऑपरेटर धरा: बेसिक ९,०००, घरभाडे ४,५००, ये-जा १,५००, इतर भत्ता ५,०००, एकूण २०,०००. पीएफ बेसिकवर. आता म्हणे बेसिक निम्मं पाहिजे. मग मी बेसिक १०,००० केलं की विषय संपला का? की अजून काही आहे?

आणि खरा प्रश्न पुढे आहे. आमच्याकडे पगार ठरताना सीटीसी (कंपनीला माणसाचा एकूण खर्च) वगैरे कोणी विचारत नाही, "मालक, हातात किती पडणार" एवढंच विचारतात. पीएफ वाढला की हातातला पगार कमी होणार. तो फरक कोणी सोसायचा? ज्यांनी हे करून झालंय त्यांनी कृपया आकड्यांसकट लिहा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतंय त्यात दहा जण दहा गोष्टी सांगतायत.

बेकरीवाला_पुणे
वाचतोय. मलाही हवंय हे. आमची माणसं ८, आम्हाला यातलं काय लागू आणि काय नाही ते पण कोणीतरी सांगा.

अंबडकर
आमचं नाशिकला प्लास्टिक मोल्डिंगचं आहे. माझं मत सरळ आहे, थांबा. राज्याचे नियम नीट बसू देत, पोर्टल बदलू देत, मग बघू. आत्ता स्लिप बदलली आणि सहा महिन्यांनी परत बदलायला लागली तर माणसं विचारतात हे काय चाललंय.

जमाखर्च
मी कोल्हापूरला अकाउंट्स आणि पगारपत्रकाचं काम करते, छोटी युनिट्सच जास्त. जरा लांबलचक लिहिते, चालवून घ्या.

अंबडकर दादा, थांबण्यात अर्थ नाही, कारण वेतनाची व्याख्या नियमांत नाही, थेट कायद्याच्या कलमात आहे. नियम आले तरी ती तीच राहणार.

कुपवाडकर, "बेसिक निम्मं करा" असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. कायदा उलट बाजूने चालतो. जे काही पैसे देता ते सगळं वेतन, त्यातून फक्त ठराविक गोष्टी वजा: घरभाडे भत्ता, ये-जा भत्ता, मालकाचा पीएफ हिस्सा, ओव्हरटाइम, कमिशन, कायद्याने द्यायचा बोनस अशी ती यादी आहे. आणि ही वजाबाकी एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेली तर वरचा भाग परत वेतनात मिळवायचा.

आता तुमचा ऑपरेटर घ्या. घरभाडे ४,५०० आणि ये-जा १,५०० वजा होतात, म्हणजे ६,०००. "इतर भत्ता" त्या यादीत नाहीच! तो अख्खा वेतनात येतो. म्हणजे त्याचं वेतन १०,००० नाही, १४,००० झालं. बेसिक १०,००० करून इतर भत्ता ४,००० केलात तरी उत्तर १४,०००च येणार. मालकाचा पीएफ हिस्सा मिळवून बघितलं तरी वजावट ५० टक्क्यांच्या बरीच खाली राहते, त्यामुळे तो प्रश्न तुम्हाला नाहीच. तुमचा प्रश्न त्या इतर भत्त्याचा आहे.

पीएफ ९,००० वर १,०८० जात होता, १४,००० वर १,६८० जाईल. कामगाराचे ६०० वाढले, तुमचे ६०० वाढले, वर तुमचे पीएफसोबतचा विमा आणि प्रशासन खर्च मिळून १ टक्का म्हणजे ५० रुपये. माणशी ६५०. सगळे साधारण याच पगाराचे धरले तर २२ जणांचे महिन्याला १४,३००. हातातला पगार तसाच ठेवून कामगाराचेही ६०० तुम्हीच सोसायचे ठरवलेत तर ढोबळ हिशेबाने २७,५००. पगार वाढवलात की त्या वाढीवर कुठल्या नावाने देता त्याप्रमाणे थोडा अजून पीएफ बसेल, तो वेगळा.

अंबडकर
ताई, पण मंत्रालयाने तर सांगितलं ना की हातातला पगार कमी होणार नाही? डिसेंबरमध्ये बातमी होती.

जमाखर्च
होती, आणि बरोबर आहे, पण पूर्ण वाचा. पीएफ १५,००० च्या कायदेशीर मर्यादेवर कापला जात असेल तर हातातला पगार कमी होत नाही, असं ते स्पष्टीकरण आहे. ज्याचं बेसिक आधीच १५,००० किंवा जास्त आहे त्याला फरक नाही, १,८०० जात होते तेवढेच जातील. कुपवाडकरांकडे पीएफ ९,००० वर आहे, म्हणजे मर्यादेच्या बराच खाली. फरक पडतो तो अशाच लोकांना, आणि छोट्या कारखान्यात बहुतेक सगळे असेच असतात.

आणखी एक सांगते. सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा, हे सुप्रीम कोर्टाने २८ फेब्रुवारी २०१९ लाच सांगितलेलं आहे. त्यामुळे हा बोजा लेबर कोडने नवीन आणला असं मी म्हणणार नाही.

भोसरीचा_फिटर
मी मालक नाही, कामगार आहे. भोसरीत एका छोट्या कंपनीत फिटर. इथे सगळे मालकच बोलतायत म्हणून लिहितो.

आमच्याकडे हेच झालं. एका महिन्यात पगार कमी आला, कोणी सांगितलं नाही का ते. ७ तारखेला मोबाइलवर मेसेज आला तेव्हा कळलं. खोलीभाडं, पोराची फी, भिशी सगळं त्या आकड्यावर ठरलेलं असतं हो, सहाशे सातशे रुपये मागेपुढे झाले तरी कोणाला तरी थांब म्हणावं लागतं. दोन पोरं चिडून सोडून गेली. नंतर सुपरवायझरने कागदावर मांडून दाखवलं की हे पैसे तुमच्याच खात्यात जातायत आणि तेवढेच कंपनीपण टाकतेय, तेव्हा बाकीचे शांत झाले. हेच महिनाभर आधी सांगितलं असतं तर काही झालंच नसतं. माझं म्हणणं एवढंच, कापायचे असतील तर कापा पण आधी सांगा आणि पासबुक उघडून दाखवा. आमच्यातल्या निम्म्या लोकांना उमंग अ‍ॅपवर स्वतःचं पासबुक कसं बघायचं माहीत नाही.

मोगरा
फिटर दादा, चांगलं केलंत लिहिलंत ते. माझे वडील असेच छोट्या कारखान्यातून निवृत्त झाले, पीएफ आयुष्यभर कमी बेसिकवर गेला. महिन्याला हातात थोडे जास्त पडले पण पेन्शन बघितली की वाईट वाटतं. तेव्हा त्यांना हे कोणी मांडून दाखवलंच नाही.

जमाखर्च
मोगरा, अगदी याचसाठी मी मालकांना नेहमी पेन्शनचा आकडा काढून दाखवते. सूत्र साधं आहे, शेवटच्या ६० महिन्यांचं सरासरी वेतन गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. अठरा वर्षं नोकरी धरा. ९,००० वर महिना २,३१४ रुपये पेन्शन बसते, १४,००० वर ३,६००. अर्थात १४,००० वर निदान शेवटची पाच वर्षं तरी गेली पाहिजेत, म्हणून पन्नाशीच्या पुढच्या माणसांचं आधी करा.

ग्रॅच्युइटी पण बघा. १५ भागिले २६ गुणिले शेवटचं वेतन गुणिले वर्षं. दहा वर्षांच्या माणसाला ९,००० वर ५१,९२३ आणि १४,००० वर ८०,७६९. कुपवाडकर, तुमच्याकडे वडिलांच्या वेळची माणसं आहेत म्हणालात, तर तुमचा खरा मोठा आकडा इथे आहे, महिन्याच्या पीएफमध्ये नाही. एकदा यादी काढून बसा, कोण कधी निवृत्त होणार ते लिहा आणि दरवर्षी थोडी रक्कम बाजूला टाका. ऐनवेळी तीन माणसं एकदम निवृत्त झाली आणि मालकाला कर्ज काढावं लागलं असं मी डोळ्यांनी बघितलंय.

कुपवाडकर
ग्रॅच्युइटीचा विचार डोक्यातच नव्हता. आमचे तीन हेल्पर आणि एक टर्नर काका पुढच्या चार-पाच वर्षांत निवृत्त होतील. आज रात्री बसतो.

यंत्रमाग
इचलकरंजीहून. आमच्याकडे महिन्याचा पगारच नाही, मीटरवर मजुरी आणि आठवड्याला पगार. त्याला बेसिक कुठलं आणि भत्ता कुठला? शिवाय उचल असतेच. दसरा-दिवाळीला, पोरीच्या लग्नाला माणूस उचल घेतो आणि मग हप्त्याहप्त्याने फेडतो. ती कापायची किती याला पण आता मर्यादा आहे म्हणे.

जमाखर्च
मीटरवरची मजुरी म्हणजे सगळंच वेतन, त्यात वजा करायला काही नाही, त्यामुळे तुमचं गणित उलट सोपं आहे. आठवड्याचा पगार साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी द्यायचा, महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. कपातीची मर्यादा: पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), उचल सगळं धरून त्या पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त कापायचं नाही. उरलेलं पुढच्या पगारात. उचलीची नोंद वहीत कामगाराच्या सहीसकट ठेवा, वाद होतात ते नेहमी उचलीवरूनच होतात.

यंत्रमाग
आणि माणूस न सांगता गावी गेला, दोन महिने फिरकलाच नाही, मग एक दिवस फोन करतो की हिशेब करा?

अंबडकर
हाच मुद्दा मी मांडणार होतो. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब द्यायचा असा नियम आहे. दोन दिवसांत! आमचा अकाउंटंट आठवड्यातून दोनदाच येतो. मोठ्या कंपन्यांना सोपं आहे, आम्ही कसं जमवायचं?

जमाखर्च
राजीनामा असो, काढलेलं असो, युनिट बंद पडलेलं असो, वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत. ग्रॅच्युइटीला मात्र ३० दिवस आहेत, ती या दोन दिवसांत येत नाही. हे जमवायचा एकच मार्ग आहे, हजेरी आणि उचल रोजच्या रोज लिहिणं. मस्टर महिन्याअखेरीस एकदम भरायची जी सवय आहे ना, ती सोडा. रोजची हजेरी असली की पंधरा मिनिटांत हिशेब होतो, अकाउंटंट लागत नाही.

यंत्रमाग, न सांगता गेलेल्या माणसाला पत्ता असेल तिथे रजिस्टर पत्र पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. तारीख नोंदलेली राहते.

भोसरीचा_फिटर
दोन दिवसांचा नियम मला तरी पटतो. आमच्या आधीच्या ठिकाणी सोडल्यावर हिशेबासाठी माणसं तीन-तीन महिने गेटवर चकरा मारायची, वॉचमन आत सोडायचा नाही. आपल्याच कामाचे पैसे मागायला लाज का वाटावी माणसाला?

स्लाऊकर
मी इंग्लंडमध्ये स्लाऊला आहे, आमचं छोटं केटरिंग आहे, डबे आणि लग्नकार्य, माणसं ६. इथे कर वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि छोट्या मालकांच्या तोंडी अगदी हीच चर्चा असते. एप्रिल २०२५ पासून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला आणि वर्षाला ९,१०० पौंडांच्या वरच्या पगारावर लागायचा तो ५,००० च्या वर लागायला लागला. छोट्यांना दिलासा म्हणून सूट ५,००० वरून १०,५०० पौंड केली, त्यामुळे आमच्यासारख्याचं निभावलं. एप्रिल २०२६ पासून किमान वेतन तासाला १२.७१ पौंड आणि आजारपणाचा पगार पहिल्या दिवसापासून, आधी पहिले तीन दिवस मिळायचा नाही.

पण इथली एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. पगार ज्या दिवशी देतो त्या दिवशी किंवा त्याआधी सरकारला आकडे ऑनलाइन कळवावेच लागतात. सुरुवातीला जड गेलं पण त्यामुळे वर्षअखेरची धावपळ गेली. ताई म्हणतायत तसं, रोजचं रोज लिहिलं की काही वाटत नाही.

मोगरा
स्लाऊमध्ये पुरणपोळी मिळते का हो तुमच्याकडे? :)

स्लाऊकर
होळीला भरपूर! ऑर्डर आठवडाभर आधी द्या.

बेकरीवाला_पुणे
मंडळी, माझे ८ लोक राहिले...

जमाखर्च
सॉरी सॉरी. ८ माणसांना पीएफ नाही (२० पासून), ईएसआय नाही (१० पासून), ग्रॅच्युइटी नाही (१० पासून). पण किमान वेतन आहे, त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो, तो दर सहा महिन्यांनी बघायचाच. नियुक्तीपत्र प्रत्येकाला आहे. पगार ७ तारखेच्या आत आहे. कामगार कल्याण निधी ५ माणसांपासून लागतो, जून आणि डिसेंबरला कामगाराचे २५ आणि तुमचे ७५.

व्यवसाय कर: पुरुषांना महिना ७,५०० पगारापर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. तुमचा वर्षाचा कर एक लाखाच्या आत असणार, म्हणजे मार्च ते फेब्रुवारीच्या पगाराचं एकच वार्षिक रिटर्न, ते ३१ मार्चच्या आत. भरलंत का?

बेकरीवाला_पुणे
आजच भरतो. बायकांना व्यवसाय कर माफ आहे ना? काउंटरवर तीन जणी आहेत.

जमाखर्च
सरसकट नाही, महिना २५,००० पर्यंतच माफ, १ एप्रिल २०२३ पासून. त्यावर गेला की २००. पगारवाढ दिलीत की तपासा.

अंबडकर
ईएसआयचं पण पगारवाढीशी काही आहे ना? आमच्याकडे दोघांचं २१,००० च्या वर जातंय.

जमाखर्च
हो, आणि हे एप्रिलमध्ये नेमकं महत्त्वाचं. ईएसआयचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. वेतन मधल्या महिन्यात २१,००० च्या वर गेलं तर तो काळ संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. पण वाढ १ एप्रिललाच दिलीत तर माणूस एप्रिलपासूनच बाहेर. घरात कोणाचं औषधपाणी ईएसआयमध्ये चालू असेल तर आधी त्या माणसाला विचारा. मी एका युनिटला वाढ मे महिन्यापासून द्यायला सांगितली होती, एका कामगाराच्या आईचं डायलिसिस चालू होतं आणि ईएसआय चालू राहणं गरजेचं होतं. वाढीचा एप्रिलचा फरक मालकांनी नंतर दिवाळीत भरून दिला.

मोगरा
असे मालक पण असतात. बरं वाटलं वाचून.

वाचक_कोथरूड
आयकराचं कोणीच बोललं नाही अजून, शीर्षकात तर ते पहिलं आहे.

जमाखर्च
कारण छोट्या युनिटला त्यात सगळ्यात कमी धक्का आहे. स्लॅब गेल्या वर्षीचेच. नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाख. कुपवाडकरांच्या फोरमनलासुद्धा टीडीएस बसणार नाही. मात्र प्रत्येकाकडून जुनी की नवीन पद्धत ही निवड लेखी घ्या, दिली नाही तर नवीन पद्धत धरायची.

बदललंय ते असं: १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आला, "मागील वर्ष आणि मूल्यांकन वर्ष" ही जोडी जाऊन एकच "कर वर्ष" आलं आणि पगारावरच्या टीडीएसचं कलम १९२ होतं ते ३९२ झालं. ३१ मार्चपर्यंतच्या पगाराचं मात्र सगळं जुन्याच कायद्याखाली, चौथ्या तिमाहीचं २४क्यू (पगारावरच्या टीडीएसचं रिटर्न) ३१ मेपर्यंत आणि फॉर्म १६ १५ जूनपर्यंत. उशीर झाला तर रिटर्नला दिवसाला २०० रुपये फी आहे, ती विसरू नका. तुमचं पगाराचं सॉफ्टवेअर एप्रिलचा पगार काढायच्या आधी अपडेट करून घ्या.

अंबडकर
ताई, मान गये. पण एवढं सगळं करून आम्हाला सरकार देतं काय?

जमाखर्च
देतं की, घ्यायला कोणी जात नाही. रोजगार प्रोत्साहनाची योजना आहे, १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मध्ये लागलेल्या माणसांसाठी. ५० पेक्षा कमी माणसं असतील तर निदान दोन नवीन घ्यायची आणि सहा महिने टिकवायची. पीएफचं वेतन १०,००० ते २०,००० मधलं असेल तर मालकाला माणशी महिना २,०००, त्यावर एक लाखापर्यंत ३,०००, दोन वर्षं, उत्पादन करणाऱ्या कारखान्याला चार वर्षं. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या पोराला वेगळे, १५,००० पर्यंत, दोन हप्त्यांत.

आणि कोणाचा माणूस पीएफमध्ये घ्यायचा राहून गेला असेल, १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ मध्ये लागलेला, तर ३० एप्रिल २०२६ पर्यंत नोंदवून टाका. कामगाराचा हिस्सा कापलेलाच नसेल तर तो माफ, दंड फक्त १०० रुपये. ही संधी सोडू नका.

भोसरीचा_फिटर
हे आमच्या मालकांना पाठवतो. दोन पोरं अशीच आहेत, हजेरीवर आहेत पण पीएफमध्ये नाहीत.

कुपवाडकर
सगळ्यांचे आभार, विशेषतः जमाखर्च ताई आणि फिटर दादा. रात्री भावाबरोबर बसून यादी काढली, आता आमचं ठरलंय ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

इतर भत्ता बंद, तो बेसिकमध्ये. बेसिक १४,०००, घरभाडे ४,५००, ये-जा १,५००. पीएफ १४,००० वर. यंदा तशीही पगारवाढ द्यायची होती, ती ज्यांचा पीएफ वाढतोय त्यांचा हातातला पगार आधी होता तेवढा राहील इतकी सगळ्यांना, आणि त्यावर कामाप्रमाणे. म्हणजे कोणाचाही आकडा खाली येणार नाही. आमच्यावर बोजा येतो पण एका मोठ्या ग्राहकाशी दर बोलणं चालू आहे, त्यात मजुरीचा हा फरक स्पष्ट दाखवणार आहे. तोही कारखानाच चालवतो, त्यालाही हेच नियम लागू आहेत.

येत्या शनिवारी सुट्टीच्या आधी अर्धा तास मशीन बंद ठेवून सगळ्यांना बोलावतोय. प्रत्येकाला जुनी आणि नवी स्लिप शेजारी शेजारी छापून देणार. भाऊ सगळ्यांच्या मोबाइलवर पासबुक उघडून देणार. टर्नर काकांना पेन्शनचा आकडा मी स्वतः काढून दाखवतो.

एकच शंका राहिली. नियुक्तीपत्र जुन्या माणसांनाही द्यायचं का? काका २००४ पासून आहेत, त्यांना आता काय पत्र द्यायचं?

जमाखर्च
द्यायचं. कामावर लागल्याची मूळ तारीखच लिहायची, आजची नाही, नाहीतर ग्रॅच्युइटीची वर्षं कागदावर तुटतात. नाव, हुद्दा, लागल्याची तारीख, वेतनाची फोड, पीएफ आणि ईएसआय नंबर, मराठीत, दोन प्रती. एकीवर काकांची सही घेऊन फाइलला, दुसरी त्यांच्या हातात. आणि रजेचं पण त्यात घाला, वार्षिक पगारी रजेसाठी आता २४० नाही, १८० दिवसांची हजेरी पुरते, वीस दिवसांमागे एक रजा.

भोसरीचा_फिटर
कुपवाडकर साहेब, शनिवारी काय झालं ते इथे लिहा. आणि स्लिप मराठीत छापा, इंग्रजी वाचणारे थोडेच असतात.

कुपवाडकर
मराठीतच छापतोय. नमुना तयार झाला की इथेच टाकतो, बेकरीवाले आणि यंत्रमाग यांनाही वापरता येईल.